गणिताचे सर गावात टिकतील कसे?

इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे दोन ताकदींच्या मिळतात. एकीत १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट औषध असते, दुसरीत १००. दोघींच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. घरात लाल टोपणाची सिरिंज असताना दुकानातून १०० ची बाटली आली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेल्या त्या सिरिंजमधून रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट इन्सुलिन जाते. रक्तातली साखर झपाट्याने उतरते, दरदरून घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते आणि वेळेत मदत मिळाली नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. यामागचे गणित साधे त्रैराशिकाचे आहे. ते शाळेत शिकवले जाते.

पॅरासिटामॉलचेही तसेच. लहान मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम औषध असते, तर तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. 'एक चमचा द्या' हे वाक्य लक्षात ठेवून आईने थेंबांच्या बाटलीतले ५ मिलिलिटर पाजले, तर १० किलो वजनाच्या बाळाला एका वेळच्या योग्य मात्रेच्या तिप्पट ते पाचपट औषध मिळते. ओआरएसची १ लिटरची पुडी एका पेल्यात कालवली, तर जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाच्या रक्तात मीठ वाढते. वॉर्डात सिस्टरला ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे असते. १ मिलिलिटरला २० थेंब धरले तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. हा हिशेब रात्री दोन वाजता, शेजारी तीन रुग्ण कण्हत असताना, चुकता कामा नये.

सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. आमच्या दारात येणारा माणूस शाळेतून काय घेऊन आला आहे, यावर आमच्या औषधाचा निम्मा गुण ठरतो. अँटिबायोटिकचा कोर्स अर्ध्यावर का सोडायचा नाही, लस घेतल्यावर येणारा थोडा ताप का चालतो, 'शंभरातल्या दोघांना होतो' असा दुष्परिणाम म्हणजे नेमका किती धोका, हे समजायला डॉक्टरची पदवी लागत नाही. दहावीपर्यंतचे गणित आणि विज्ञान नीट शिकवणारे कोणी तरी लागते. म्हणूनच आरोग्याच्या सदरात आज शिक्षकांविषयी लिहितो आहे. सरकारी शाळेत गणित आणि विज्ञानाचा चांगला शिक्षक कसा आणायचा, आणि आणल्यावर तो टिकवायचा कसा, हा प्रश्न आरोग्य खात्याच्याही अंगणातला आहे.

पदवीधर शाळेकडे का वळत नाही?

शिक्षकांचा तुटवडा सगळ्या विषयांत सारखा नसतो. भाषा किंवा इतिहासाच्या एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो, त्याच वेळी गणित आणि भौतिकशास्त्राला माणूस मिळत नाही, असा अनुभव अनेक देशांतला आहे. कारण उघड आहे. ज्याला गणित चांगले येते त्याच्यापुढे इंजिनीअरिंग, संगणक, बँक, विमा, संशोधन अशी बरीच दारे उघडी असतात. शाळेचा पगार मात्र विषय कुठलाही असो, एकाच श्रेणीत बांधलेला असतो. इतर दारांमागे दुप्पट पगार असेल तर शाळेचे दार ठोठावणारे कमी होणार, यात त्या तरुणांचा दोष नाही.

पगाराची श्रेणी एका विषयासाठी बदलणे राजकीयदृष्ट्या अवघड असते. मग सरकारे दुसरा रस्ता धरतात. विद्यार्थी पदवीला असतानाच त्याला शिष्यवृत्ती द्यायची आणि बदल्यात काही वर्षे सरकारी शाळेत शिकवण्याचे वचन घ्यायचे. वचन मोडले तर ती रक्कम कर्ज समजून व्याजासकट परत करायची. आम्हा डॉक्टरांना ही व्यवस्था चांगलीच ओळखीची आहे. आम्ही तिला बाँड म्हणतो. शिक्षकांच्या बाबतीत हा प्रयोग अमेरिकेत बराच काळ झाला, आणि त्याचे मोजमापही तिथे झाले. म्हणून आधी तिकडे पाहू.

स्पुटनिकनंतरची धावपळ

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि आपली मुले विज्ञानात मागे पडताहेत, या भीतीने अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. शिक्षणाच्या कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द आला, यावरून त्या वेळची मनःस्थिती कळते. या कायद्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वस्त कर्ज दिले. पुढे सरकारी शाळेत शिक्षक झालेल्याचे दर वर्षाला १० टक्के, असे जास्तीत जास्त ५० टक्के कर्ज माफ होई. शिक्षणाच्या खर्चाच्या बदल्यात शाळेतली सेवा, ही कल्पना इथे राष्ट्रीय पातळीवर रुजली.

पुढे राज्यांनी आपापल्या योजना काढल्या. त्यात नॉर्थ कॅरोलिना राज्याची 'टीचिंग फेलोज' ही योजना विशेष गाजली. १९८६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ती सुरू केली. बारावीतून बाहेर पडणारी हुशार मुले निवडायची, चार वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षी पैसे द्यायचे आणि नंतर चार वर्षे राज्याच्या सरकारी शाळेत शिकवून घ्यायचे, असा करार. पुढच्या काळात ही रक्कम वर्षाला ६,५०० डॉलर होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही मुले एकेकटी सोडलेली नव्हती. त्यांची तुकडी असे, सुट्टीत शिबिरे असत, राज्यातल्या वेगवेगळ्या भागांची ओळख करून दिली जाई. शिक्षक होणे ही मिरवण्यासारखी गोष्ट आहे, असे वातावरण त्यातून तयार झाले.

२००२ मध्ये केंद्रीय पातळीवर खास गणित-विज्ञानासाठी रॉबर्ट नॉइस यांच्या नावाची शिष्यवृत्ती आली. नॉइस म्हणजे इंटेल कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक आणि एकात्मिक सर्किटच्या जनकांपैकी एक. या योजनेत विज्ञान, गणित किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या दर एका वर्षामागे दोन वर्षे गरजू भागातल्या शाळेत शिकवण्याचे कबूल करतो.

पुरावा काय सांगतो?

एखादे औषध घेतल्यावर रुग्ण बरा झाला, म्हणजे औषधानेच बरा झाला असे आम्ही मानत नाही. तो आपोआपही बरा झाला असता का, हे तपासावे लागते. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. शिष्यवृत्ती घेऊन शिक्षक झालेल्यांतले कितीजण पैसे न मिळतासुद्धा शिक्षक झालेच असते? ते जर बहुसंख्य असतील, तर सरकारने फक्त त्यांची फी भरली, शाळांना नवा माणूस मिळाला नाही.

या प्रश्नाचे चांगले उत्तर कॅलिफोर्नियातून मिळाले, तेही योगायोगाने. तिथे २००० ते २००२ या काळात 'गव्हर्नर्स टीचिंग फेलोशिप' नावाची योजना होती. हुशार नवशिक्षकाने निकालात मागे असलेल्या शाळेत चार वर्षे शिकवावे, त्याला २०,००० डॉलर मिळतील. राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि दोनच वर्षांत योजना बंद पडली. त्यामुळे आधीची, नंतरची आणि मधली अशा तुकड्यांची तुलना करणे शक्य झाले. स्टील, मर्नेन आणि विलेट या संशोधकांनी २७,१०६ जणांच्या नोकरीचा माग काढला. फेलोशिप मिळाल्यामुळे मागे पडलेल्या शाळेत रुजू होण्याची शक्यता २८ टक्के अंकांनी वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे औषध खरेच लागू पडले होते. जी मुले एरवी अशा शाळेकडे फिरकलीही नसती, ती गेली.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा तेवढाच बोलका आहे. अशा शाळांत रुजू झालेल्यांपैकी ७५ टक्के शिक्षक किमान चार वर्षे तशा शाळांत राहिले. हे प्रमाण फेलोशिप घेतलेल्यांत जेवढे होते तेवढेच न घेतलेल्यांतही होते. पैसे माणसाला दारापर्यंत घेऊन आले. आत राहायचे की नाही, हे त्या पैशांनी ठरवले नाही.

नॉर्थ कॅरोलिनाच्या योजनेचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या फेलोजची शैक्षणिक पात्रता इतर शिक्षकांपेक्षा वरची होती. हायस्कूलच्या परीक्षांत आणि तिसरी ते आठवीच्या गणितात त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगती जास्त झाली. ते राज्याच्या सरकारी शाळांत इतरांपेक्षा जास्त काळ टिकलेही. पण एक खोट राहिली. हे शिक्षक तुलनेने बऱ्या, कमी गरिबीच्या शाळांत आणि वर्गांत जास्त सापडले. करारात 'सरकारी शाळा' एवढेच म्हटले होते, 'सर्वांत गरजू शाळा' असे नव्हते. पाणी उताराकडे गेले.

या योजनेचा निधी विधिमंडळाने २०११ मध्ये थांबवला. शिक्षकांची टंचाई जाणवू लागल्यावर २०१७ मध्ये तिला पुन्हा जीवदान दिले, पण या वेळी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित आणि विशेष मुलांचे शिक्षण एवढ्यापुरतेच. रक्कम वर्षाला ८,२५० डॉलरपर्यंत वाढवली आणि जुनी खोट दुरुस्त केली. निकालात मागे पडलेल्या शाळेत एक वर्ष शिकवले की शिष्यवृत्तीचे एक वर्ष फिटते. इतर शाळेत शिकवले तर एका वर्षासाठी दोन वर्षे द्यावी लागतात. सक्ती न करता माणसाला गरजेच्या जागेकडे वळवण्याचा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

चूक कागदाची, भुर्दंड शिक्षकाला

चांगल्या हेतूची योजना कारकुनीत कशी बुडते, याचेही उदाहरण तिथलेच आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने 'टीच ग्रँट' सुरू केली. वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मदत, आणि बदल्यात पदवीनंतरच्या आठ वर्षांपैकी चार वर्षे गरीब वस्तीतल्या शाळेत टंचाईचा विषय शिकवायचा. दर वर्षी एक प्रमाणपत्र भरून पाठवायचे. ते वेळेत पोहोचले नाही, एखादी सही किंवा तारीख राहिली, तर संपूर्ण अनुदानाचे कर्ज होई. त्यावर पहिल्या दिवसापासूनचे व्याज लागे. एकदा कर्ज झाले की ते परत अनुदान होत नसे.

२०१८ मध्ये बाहेर आलेल्या सरकारी अभ्यासानुसार, जुलै २०१४ च्या आधी सेवा सुरू करणे ज्यांना भाग होते त्यांच्यापैकी ६३ टक्क्यांचे अनुदान कर्जात बदललेले होते. त्यातले काहीजण शिकवायला गेलेच नव्हते, हे खरे. पण गरीब शाळेत इमानाने शिकवत असूनही केवळ कागद उशिरा पोहोचल्यामुळे हजारो डॉलरचे कर्जदार झालेले शिक्षकही होते. एनपीआर या रेडिओने त्यांच्या कहाण्या लावून धरल्या, तेव्हा कुठे सरकारने फेरविचाराची सोय केली आणि नियम सैल केले. ज्याने वचन पाळले त्यालाच दंड बसतो, अशी बातमी एकदा पसरली की पुढच्या तुकडीतला हुशार मुलगा अर्जच करत नाही. आपल्याकडे शिष्यवृत्तीचे हप्ते अडकलेल्या विद्यार्थ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

डॉक्टरांच्या बाँडचा अनुभव

आता आमच्या अंगणात या. महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरने एक वर्ष सरकारी सेवा द्यायची असते. ती टाळली तर १० लाख रुपये भरावे लागतात. पदव्युत्तर पदवीनंतर हीच रक्कम ५० लाख होते. असे बाँड वैध आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

बाँडने ग्रामीण रुग्णालयाला माणूस मिळतो, हे नाकारता येत नाही. बाँडवरच्या डॉक्टरांवर रात्रपाळ्या चालतात, बाळंतपणे होतात, जीव वाचतात. पण बारा महिने भरले की बहुतेक जण बॅग भरतात. त्या वर्षात मनाने ते प्रवेश परीक्षेच्या पुस्तकातच असतात. सगळ्यांवर सरसकट लादलेली सेवा आणि स्वतः निवडून केलेला करार यांत फरक असतो, तो इथे दिसतो.

बार्निगहाउसेन आणि ब्लूम या संशोधकांनी २००९ मध्ये जगभरातले असे अभ्यास एकत्र करून तपासले. पैशांच्या बदल्यात मागास भागात सेवा देण्याचा करार केलेले आरोग्य कर्मचारी पुढेही मागास भागात काम करण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त दिसली. मात्र ज्या गावी पहिली नेमणूक झाली त्याच गावी टिकण्याची शक्यता कमी दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्यासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत सेवेच्या अटीवरची शिष्यवृत्ती आहे, पण ती एकटी नाही. ग्रामीण भागातल्या मुलांना प्रवेशात प्राधान्य, शिकतानाच खेड्यात काम, राहण्याची बरी सोय, वरिष्ठांचा आधार आणि बढतीची वाट, हे सगळे तिच्यासोबत आहे.

जपानने हे फार आधी ओळखले. १९७२ मध्ये तिथे जिची वैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले. देशातल्या प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडतात, त्यांचा शिक्षणाचा खर्च उचलतात आणि त्यांना पदवीनंतर नऊ वर्षे आपापल्या प्रांतात, त्यातही डॉक्टर कमी असलेल्या भागांत, काम करायला पाठवतात. विद्यार्थी ज्या मातीतला, त्या मातीतच त्याची सेवा. 'तिकडे कुठे तरी पाठवले' ही भावना त्यामुळे बोथट होते.

हौद भरतो, पण गळतो

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इंगरसोल यांनी अमेरिकेतल्या शिक्षकांच्या नोंदी अनेक वर्षे अभ्यासल्या. गणित-विज्ञानाचे शिक्षक तयारच होत नाहीत, ही समजूत अर्धवट आहे, असे त्यांचे म्हणणे. तयार होतात, पण निवृत्तीच्या खूप आधी शाळा सोडून जातात, आणि गरीब वस्तीतल्या शाळांतून सर्वांत जास्त जातात. हौदाला भोक असेल तर नळ मोठा करून काय उपयोग?

मग भोक बुजते कशाने? याचेही थोडे मोजमाप झाले आहे. नॉर्थ कॅरोलिनाने २००१ ते २००४ या काळात गरीब किंवा मागे पडलेल्या शाळांतल्या गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षणाच्या शिक्षकांना वर्षाला १,८०० डॉलर जादा दिले. एवढ्याशा रकमेने शाळा सोडण्याचे प्रमाण साधारण १७ टक्क्यांनी घटले. इंग्लंडमध्ये गणित आणि भौतिकशास्त्राच्या नवशिक्षकांना पगाराच्या सुमारे ८ टक्के जादा रक्कम दिली, तेव्हा त्या काळात नोकरी सोडण्याची शक्यता २३ टक्क्यांनी कमी झाली. पदवीच्या वर्षात हातात पडलेल्या पैशापेक्षा, वर्गात उभे असताना दर वर्षी मिळणारा पैसा टिकवण्याच्या कामी जास्त येतो, असे यावरून दिसते.

पैशाखेरीजही काही आहे. टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिन येथे १९९७ मध्ये 'यू-टीच' नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात विज्ञान शाखेत नुकत्याच आलेल्या मुलाला पहिल्याच सत्रात प्राथमिक शाळेच्या वर्गावर नेतात आणि अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष धडा घ्यायला लावतात. ज्याला ते जमत नाही किंवा आवडत नाही तो लवकर बाहेर पडतो, त्याचे वर्ष वाया जात नाही. ज्याला आवडते तो मन लावून पुढे जातो. आमच्याकडे मेडिकलच्या पहिल्या वर्षी शरीरशास्त्राचे विच्छेदन हे काम करते. कोणाचे मन इथे रमणार, ते तिथेच कळायला लागते.

आपल्याकडे काय व्हायला हवे?

हा विषय आपल्यासाठी परका नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट म्हटले आहे की गुणवान विद्यार्थ्यांना, विशेषतः ग्रामीण भागातल्या, शिक्षकी पेशाकडे आणण्यासाठी चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी मोठ्या संख्येने शिष्यवृत्त्या द्याव्यात. ग्रामीण भागासाठी खास शिष्यवृत्त्या असाव्यात आणि त्या घेणाऱ्यांना पदवीनंतर आपल्याच भागात नोकरीत प्राधान्य मिळावे. पदवी आणि बी.एड. एकत्र देणारे अभ्यासक्रमही आपल्याला नवे नाहीत. एनसीईआरटीच्या प्रादेशिक शिक्षण संस्था १९६० च्या दशकापासून ते चालवत आल्या आहेत, आणि महाराष्ट्र-गोव्यासाठीची संस्था भोपाळला आहे. म्हणजे कल्पना कागदावर आहे, साचा हाताशी आहे. तो कसा भरायचा, हे ठरवताना वरच्या सगळ्या अनुभवाचा उपयोग करून घ्यायला हवा.

पहिली गोष्ट निवडीची. ज्या तालुक्यात गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहते, त्या तालुक्यातलीच मुले-मुली शोधायला हव्यात. बारावीला गणितात चांगले गुण मिळालेली, पण घरच्या परिस्थितीमुळे इंजिनीअरिंगला जाऊ न शकणारी मुलगी प्रत्येक तालुक्यात असते. तिला शिष्यवृत्ती मिळाली तर ती शिकेल, आणि परत आपल्या भागात येण्याची शक्यताही तिचीच जास्त.

दुसरी गोष्ट नेमणुकीची. करार दोन्ही बाजूंनी असतो. विद्यार्थ्याने सेवा देण्याचे कबूल केले, तर सरकारने जागा देण्याचे कबूल केले पाहिजे. पदवी हातात घेऊन भरतीच्या जाहिरातीची वर्षानुवर्षे वाट पाहायची असेल, तर तो बाँड एकतर्फी होतो. नोकरीतले प्राधान्य धोरणात लिहिलेले आहे, ते भरतीच्या नियमांतही यायला हवे.

तिसरी गोष्ट पहिल्या तीन वर्षांची. महाराष्ट्रात नवा शिक्षक आधी तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करतो. हे मानधन २०२३ मध्ये वाढले, तरी माध्यमिक शाळेत ते महिना १८,००० रुपये आहे. परगावी खोली, खानावळ, घरी पाठवायचे पैसे, यातून काय उरते, हिशेब वाचकांनीच करावा. ज्या वर्षांत माणूस पेशा सोडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच वर्षांत त्याचा हात सर्वांत आखडता. शिष्यवृत्तीवर लाखो रुपये खर्च करून आणलेला गणिताचा पदवीधर इथेच गळणार. टंचाईच्या विषयाला आणि दुर्गम शाळेला या काळात जादा भत्ता दिला, तर इंग्लंड आणि नॉर्थ कॅरोलिनाचा अनुभव सांगतो की तो पैसा वाया जाणार नाही.

चौथी गोष्ट सोबतीची. नव्या डॉक्टरला आडगावच्या आरोग्य केंद्रात रात्री अडचण आली तर वरिष्ठाला फोन लावता येतो. नव्या शिक्षकालाही असा हक्काचा फोन हवा. प्रयोगशाळेत साहित्य हवे, आणि वर्गाच्या वेळेत त्याच्या गळ्यात दुसरी सरकारी कामे नकोत.

पाचवी गोष्ट परतफेडीची. आजारपण, बाळंतपण, घरातली अडचण यांना सूट हवी. सेवेची नोंद शाळेच्या हजेरीपटावरून आपोआप व्हावी, शिक्षकाला कागद घेऊन फिरावे लागू नये. अमेरिकेतल्या ६३ टक्क्यांचा आकडा शिष्यवृत्ती काढणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने टेबलावर लावून ठेवावा.

शेवटी एक गोष्ट, जी फायलींत दिसत नाही. तालुक्याच्या गावाला बदली झालेला डॉक्टर दोन-तीन वर्षांत का निघून जातो, याची कारणे विचारली तर पगाराच्या बरोबरीने एक उत्तर हमखास येते. मुलांच्या शाळेचे काय? तिथे आठवी-नववीला गणित-विज्ञान शिकवणारे धड कोणी नसते. आणि त्याच गावातला शिक्षक बदली मागतो, तेव्हा तोही सांगतो, घरात म्हातारे आई-वडील आहेत, इथे रात्री दवाखाना नाही. डॉक्टर शिक्षकासाठी थांबत नाही, शिक्षक डॉक्टरसाठी थांबत नाही, आणि दोघांच्याही जागा रिकाम्या राहतात. आरोग्य खाते आणि शिक्षण खाते यांचे हिशेब वेगवेगळ्या इमारतींत होतात, पण गाव एकच असते. शिक्षकांसाठीच्या शिष्यवृत्त्या आखताना, बाँडच्या डॉक्टरांची नेमणूक करताना, ती दोन्ही माणसे एकाच तालुक्यात, शक्यतो शेजारच्या क्वार्टरमध्ये पाठवून पाहावीत. एकाच्या असण्याने दुसऱ्याचे राहणे सोपे होईल, आणि त्या गावातल्या सहावीच्या वर्गात त्रैराशिक शिकवायला कोणी तरी पुढच्या जूनमध्येही असेल.